जात : मुसलमान

जून महिन्यात शाळा उघडली की पहिले पंधरा दिवस माझ्यासमोर जनरल रजिस्टर असते. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात, पोटजात. धर्माच्या रकान्यात ‘मुस्लिम’ लिहून झाले की पेन पुढच्या रकान्यात येतो आणि समोर बसलेले पालक म्हणतात, “जात-वात कुछ नई मॅडम, मुसलमान लिखो.” नोकरीच्या सुरुवातीच्या काही वर्षांत मी तसेच लिहीत गेले. अभिमानाने लिहीत होते म्हटले तरी चालेल. अरबाला अजमीवर, गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, हे लहानपणापासून घरात ऐकलेले. माझ्या स्वतःच्या दाखल्यावरही जात ‘मुसलमान’च आहे.

मग एके दिवशी एक माजी विद्यार्थी आला. बारावी झालेला, अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा होता. आडनाव बागवान, तीन पिढ्या घरात फळांचा धंदा, आजोबा बाजारात हातगाडी लावायचे. ओबीसीचा जातीचा दाखला काढायला गेला तेव्हा कार्यालयात त्याचा शाळा सोडल्याचा दाखला परत करण्यात आला. जातीच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिले होते, ‘मुसलमान’. तो काही बोलला नाही. कागद टेबलावर ठेवून उभा राहिला. शाळेत असताना रकाना दुरुस्त करून घेता येतो, दाखला घेऊन बाहेर पडल्यावर ते फार कठीण होते, हे मला त्या दिवशी नीट कळले.

त्या रकान्याचा इतिहास मी नंतर वाचत गेले. आज टीव्हीवर ‘मुस्लिम आरक्षण’ हा शब्द आला की दोन्ही बाजूंनी आरडाओरडा होतो. एकाला ते लांगूलचालन वाटते, दुसऱ्याला आपला हिसकावून घेतलेला हक्क. पण महाराष्ट्रात मुस्लिमांतील फार मोठा कष्टकरी वर्ग तीस वर्षांहून अधिक काळ आरक्षणात आहे आणि तो ‘मुस्लिम’ म्हणून नाही, ही गोष्ट आपल्यातल्याच अनेकांना माहीत नसते.

सुरुवात कोल्हापूरपासून करावी लागते. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. मागासलेले कोण, हे त्यांनी उलट्या बाजूने सांगितले होते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. त्या ‘बाकी सगळ्यां’त मुसलमान आपोआप आला. १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था आणि वसतिगृह उभे राहिले तेव्हा शाहू महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. पुढे १९२५ मध्ये मुंबई सरकारने मागासवर्गाची जी व्याख्या केली, तीही याच पद्धतीची होती. ब्राह्मण, प्रभू, मारवाडी, पारशी, बनिया, ख्रिश्चन वगळून उरलेले ते मागास. म्हणजे या मातीत मुस्लिमांचा विचार मागासलेल्या बहुजनांसोबत करण्याची रीत जुनी आहे, ती कोणा मतांच्या राजकारणाने काल-परवा आणलेली नाही.

पण त्याच काळात दुसरा एक रस्ताही तयार होत होता. १९०९ च्या कायद्याने मुस्लिमांना वेगळे मतदारसंघ दिले. तिथे मुसलमान म्हणजे एकच गठ्ठा. त्यात नवाबही आला, जमीनदारही आला आणि मालेगावचा विणकरही आला. मताचा हक्क मालमत्ता आणि शिक्षणावर होता, त्यामुळे विणकराच्या नावाने नवाब निवडून येत राहिला. फाळणीनंतर या वेगळ्या मतदारसंघांचे नाव काढण्याचीही सोय राहिली नाही. मे १९४९ मध्ये संविधान सभेने धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागाही काढून टाकल्या. संविधान सभेतल्या एकमेव मुस्लिम महिला सदस्य बेगम ऐजाज रसूल यांनी राखीव जागांना ठाम विरोध केला होता. अल्पसंख्याक त्यामुळे बहुसंख्याकांपासून कायमचे तुटतील, असे त्यांचे मत होते. त्या काळाच्या दृष्टीने मला त्यांचे म्हणणे समजते. मात्र गठ्ठ्याचे राजकारण संपवताना गठ्ठ्याच्या आत कोण भरडला जात होता, हा प्रश्न त्या चर्चेत बाजूलाच राहिला.

त्याची सर्वात कडू खूण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना, असे त्यात लिहिले गेले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. मुस्लिम आणि ख्रिश्चन दलित आजही बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढावी असे सांगितले. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आणखी एक आयोग नेमला गेला. झाडूवाल्याचा धर्म बदलला की त्याचा झाडू हातातून सुटतो, असे मानणारा हा आदेश आहे.

ओबीसींची कहाणी त्यामानाने वेगळी. पहिला मागासवर्ग आयोग १९५३ मध्ये काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. कालेलकर साताऱ्याचे, जन्माने मराठी आणि लेखणीने गुजराती. १९५५ मध्ये त्यांनी २,३९९ जातींची यादी दिली आणि सोबतच्या पत्रात जातीच्या निकषावर स्वतःचाच अविश्वासही कळवून टाकला! अहवाल बासनात गेला. महाराष्ट्राने मग बी. डी. देशमुख समिती नेमली आणि १९६७ मध्ये राज्याची ओबीसी यादी आली. १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख तिथूनच आपल्या मागे लागली आहे. ओबीसीच्या दाखल्यासाठी या तारखेच्या आधीचा पुरावा मागतात.

यादी होती, पण मुस्लिमांच्या हाती फारसे काही लागत नव्हते. धंद्यावरून पडलेली नावे हिंदू आणि मुस्लिम दोन्हींकडे सापडतात. तेली, न्हावी, शिंपी, लोहार, पिंजारी, खाटीक. अर्ज घेऊन मुसलमान गेला की कार्यालयात हमखास एकच प्रश्न यायचा, “तुमच्यात जात असते का?” त्याला ‘असते’ म्हणावे तर मौलवी साहेब नाराज, ‘नसते’ म्हणावे तर दाखला नाही.

मंडल आयोगाने हा पेच सोडवण्याची एक पद्धत सांगितली होती. डिसेंबर १९८० मध्ये आलेल्या त्या अहवालात हिंदूंखेरीज इतर धर्मांतले मागास ओळखण्यासाठी दोन कसोट्या होत्या. एक, अस्पृश्य जातींमधून धर्मांतरित झालेले. दोन, ज्यांचा परंपरागत धंदा तोच आहे ज्या धंद्याची हिंदू जात ओबीसीत आहे, असे समूह. किती साधी गोष्ट! कापूस पिंजणाऱ्याच्या फुफ्फुसात जाणारी धूळ त्याचा कलमा विचारून जात नाही. मंडलच्या अंदाजाने देशातील ५२ टक्के ओबीसींपैकी ८.४ टक्के बिगर-हिंदू होते.

यानंतरच्या तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. ७ ऑगस्ट १९९० रोजी व्ही. पी. सिंग यांनी मंडल लागू करण्याची घोषणा केली. २५ सप्टेंबरला सोमनाथहून रथ निघाला. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा साहनी खटल्यात २७ टक्के आरक्षण मान्य केले आणि हिंदूंबाहेरच्या मागास समूहांनाही ते मिळू शकते हे स्पष्ट केले. त्यानंतर वीस दिवसांनी ६ डिसेंबर उजाडला. निकालात आपल्यासाठी काय लिहिले आहे, हे वाचायला कोणा मुसलमानाला सवड तरी कुठे मिळाली? डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई जळाली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार सुमारे ९०० माणसे मेली. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ गेली. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या गावात काही झाले नाही, पण अब्बा सायंकाळी सहानंतर आम्हाला दाराबाहेर पाठवत नसत, एवढे आठवते.

अशा दिवसांत काही माणसे गावोगावी फिरून मुस्लिमांना सांगत होती की तुमच्या दाखल्यावर धंद्याचे नाव लिहा. जालन्याचे शब्बीर अन्सारी त्यांत पुढे होते. मुस्लिम ओबीसी संघटनेचे काम ते मंडलच्या आधीपासून उभे करत होते. विलास सोनवणे यांच्यासारखे परिवर्तनवादी चळवळीतले कार्यकर्ते सोबत होते. आणि दिलीपकुमार होते. युसूफ खान, पेशावरच्या फळव्यापाऱ्याचा मुलगा. सिनेमातला सर्वात मोठा मुसलमान कसबे-तालुक्यांतल्या सभांना येऊन मागास मुस्लिमांच्या बाजूने बोलायचा. लोक त्याला पाहायला येत आणि मंडल ऐकून घरी जात. त्याच्या चरित्राचा हा भाग त्याच्या चाहत्यांना फारसा ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

विरोध दोन्हीकडून होता. बाहेरून विरोध होणारच होता. आतला विरोध अधिक बोचरा होता. ‘उम्मतमध्ये फूट पाडता का? इस्लाममध्ये जात कुठे आहे?’ असे विचारणाऱ्यांत बहुतेक चांगल्या घरांतली, चांगल्या खानदानातली माणसे होती. दीनचे तत्त्व म्हणून ते बरोबर बोलत होते, यात मला आजही शंका नाही. पण त्याच घरांत मुलीचे स्थळ पाहताना पहिला प्रश्न “बिरादरी कोनसी?” हाच असतो. मशिदीच्या सफमध्ये बागवान आणि सय्यद खांद्याला खांदा लावून उभे राहतात, निकाहच्या यादीत नाही राहत. जात मानायची आणि ती सांगायची मात्र नाही, या दुटप्पीपणाचा तोटा नेहमी खालच्यालाच झाला.

१९९४ साल महाराष्ट्रात ओळखीच्या लढायांचे साल होते. १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्यासाठी सोळा वर्षे माणसे मार खात होती. २३ नोव्हेंबरला नागपुरात विधिमंडळावर मोर्चा घेऊन आलेल्या गोवारी समाजातील ११४ जण चेंगराचेंगरीत मेले. त्यांचीही मागणी कागदावरच्या एका नोंदीचीच होती. डिसेंबरमध्ये शरद पवारांच्या सरकारने मुस्लिमांतील मागास व्यावसायिक समूहांना ओबीसी सवलती लागू होतात, हे स्पष्ट करणारा शासन निर्णय काढला. मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार, बागवान, मणियार. छप्परबंद आधीच विमुक्त जातींत होते.

यात निवडणुकीचा हिशोब नव्हता असे कोण म्हणेल? दंगलींनंतर मुस्लिम काँग्रेसवर संतापलेले होते आणि विधानसभा तोंडावर होती. हिशोब चुकलाही. १९९० मध्ये १४१ जागा जिंकणारी काँग्रेस १९९५ मध्ये ८० वर आली, शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ मिळाल्या आणि १४ मार्च १९९५ रोजी मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले.

इथे थांबून पाहण्यासारखे आहे. नव्या सरकारने जानेवारी १९९६ मध्ये श्रीकृष्ण आयोगच गुंडाळला. त्याच वर्षी मे महिन्यात तो पुन्हा सुरू करावा लागला, ती गोष्ट वेगळी. आपल्याविषयी त्या सरकारच्या मनात काय होते हे लपलेले नव्हते. तरी ओबीसी यादीतली मोमीन, पिंजारी, तांबोळी ही नावे यादीतच राहिली. का? माझी समजूत अशी आहे की ती नावे एकटी नव्हती. माळी, तेली, कुंभार, शिंपी यांच्या शेजारी बसलेली होती. त्या यादीत हात घालणे म्हणजे सगळ्या ओबीसींना शंका येणे. मंडलच्याच प्रश्नावर छगन भुजबळ १९९१ मध्ये शिवसेनेतून बाहेर पडले होते आणि उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे स्वतः ओबीसी होते. शेजार मजबूत असला की घर सुरक्षित राहते, आणि हा शेजार धंद्याचा होता.

फायदा नोकऱ्यांपेक्षा आधी स्थानिक राजकारणात दिसला. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये महाराष्ट्राने पंचायती आणि नगरपालिकांत ओबीसींना २७ टक्के जागा ठेवल्या. तोवर मुस्लिम उमेदवार म्हणजे मोहल्ल्याच्या वॉर्डातला उमेदवार. आता ओबीसी वॉर्डात एखादी मणियार बाई, एखादा पिंजारी उभा राहू लागला आणि त्याला मोहल्ल्याबाहेर, माळी गल्लीत, तेली गल्लीत मत मागायला जावे लागले. ध्रुवीकरणाच्या काळात हे मत मागायला जाणे मला दाखल्याइतकेच मोलाचे वाटते. ‘खऱ्या ओबीसींच्या जागा हे खातात’ ही कुरकुरही तेव्हापासून सुरू झाली, हेही खरे. ४ मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते २७ टक्केच अडचणीत आले, तेव्हा माळ्यांसोबत मणियारही अडकले.

याच्या समोर २०१४ ठेवावे. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला होता. महाराष्ट्रात २००८ मध्ये मेहमूद-उर-रहमान समिती नेमली गेली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि तिने आठ टक्के आरक्षण सुचवले. मे २०१४ च्या लोकसभेत राज्यातील ४८ पैकी काँग्रेसला दोन आणि राष्ट्रवादीला चार जागा मिळाल्या. मग एकदम जाग आली. जुलैमध्ये अध्यादेश निघाला, मराठ्यांना १६ टक्के आणि मुस्लिमांना ५ टक्के. वास्तविक त्या पाच टक्क्यांत सरसकट मुस्लिम नव्हतेच. आधी कुठल्याच यादीत नसलेल्या पन्नास मुस्लिम समूहांचा तो ‘विशेष मागास प्रवर्ग-अ’ होता. पण व्यासपीठावर त्याला म्हटले गेले ‘मुस्लिम आरक्षण’. देणाऱ्यांनी तसे म्हटले कारण त्यांना मते हवी होती, विरोध करणाऱ्यांनी तसे म्हटले कारण त्यांनाही मते हवी होती. आणि आपणही हिरवे फलक लावून तेच म्हटले.

ऑक्टोबरमध्ये सरकार बदलले. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मुस्लिमांच्या नोकऱ्यांतील आरक्षणालाही दिली, पण सरकारी शिक्षणसंस्थांतील पाच टक्के चालू ठेवले. म्हणजे न्यायालयाने जी एक खिडकी उघडी ठेवली होती, ती आपली होती. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात मराठा आरक्षणाचे विधेयक मंजूर झाले, आपला अध्यादेश मुदत संपून मेला आणि मार्च २०१५ मध्ये तो रद्द झाल्याचा कागदही निघाला. ज्या पक्षांनी अध्यादेश काढला होता, ते २०१९ मध्ये पुन्हा सत्तेत आले. अडीच वर्षे राहिले. पाच टक्क्यांचा विषय भाषणांपुरता आला आणि गेला.

कागदावर १९९४ आणि २०१४ यांत फार अंतर नाही. दोन्ही वेळा मागास मुस्लिम समूहच डोळ्यांसमोर होते. एकाला शेजारी होते, दुसऱ्याला फक्त नाव होते. कर्नाटकात मार्च २०२३ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर मुस्लिमांचे चार टक्के काढून घेण्याचा निर्णय झाला. तिथे मुस्लिमांचा प्रवर्गच वेगळा, ‘२ ब’ असा होता. वेगळे खाते वेगळे ठेवले की ते बंद करणे सोपे जाते. अर्थात हे म्हणताना मी सावध आहे. पश्चिम बंगालमध्ये २०१० नंतर ओबीसी यादीत आलेले समूह मे २०२४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या निकालाने बाहेर पडले आणि त्यांत मुस्लिम मोठ्या संख्येने होते. यादीत असणे म्हणजे कायमचे अभय नव्हे. सर्वेक्षण कच्चे असेल आणि घोषणा निवडणुकीची असेल, तर शेजारही उपयोगी पडत नाही.

आणि तरीही आमचे बहुतेक मरण कोर्टात नाही, रजिस्टरमध्ये आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आंदोलनानंतर सरकारने माजी न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायला यंत्रणा लावली. मोडी वाचणारी माणसे बसवली, जुने दप्तर उपसले. ते केले याबद्दल माझी तक्रार नाही. गरीब शेतकऱ्याच्या मुलाला आजोबाचा कागद मिळत असेल तर मिळावा. पण हाच १९६७ पूर्वीचा कागद पिंजाऱ्याच्या, तांबोळ्याच्या पोराला त्याच दप्तरात एकट्याने शोधावा लागतो. त्याच्यासाठी समिती तर नाहीच, पण त्याच्या समाजातल्या संस्थांनीही मोडी वाचणारा एखादा माणूस महिन्याच्या पगारावर ठेवलेला मी पाहिलेला नाही. जलशांना, कमानींना पैसा निघतो.

त्या बागवान मुलाचे काम दीड वर्षाने झाले. आजोबांचा जन्म ज्या गावचा, तिथल्या कोतवाल बुकात पणजोबांच्या नावापुढे ‘बागवान’ अशी नोंद निघाली. तोवर अभियांत्रिकीचे ते वर्ष गेले होते. फी भरायला पैसे नव्हते म्हणून त्याने विज्ञान शाखेच्या पदवीला नाव घातले. भेटला की अजून सलाम करतो. मी त्याच्या नजरेला नजर देते, पण सहज देत नाही.

आता जूनमध्ये रजिस्टर उघडले की मी जात विचारत नाही. “आजोबा काय धंदा करायचे?” असे विचारते. काही जण बिचकतात. यंदा एक बाई मुलीला घेऊन आली होती. म्हणाली, “मुसलमान लिखो मॅडम.” मी विचारले, सासरे काय करायचे? थोडा वेळ गप्प राहून ती हळू आवाजात म्हणाली, “रुई धुनते थे.” मी म्हटले, दाखला घेऊन या, एखादा जुना कागद, काहीही, म्हणजे पिंजारी लिहिता येईल. रकाना पेन्सिलीने खूण करून रिकामा ठेवला आहे. ती अजून आलेली नाही.